आधी हिंदुस्थानी, मग इंग्रजी : मुंबईत जन्मलेल्या या पोराने मोठेपणी 'किम' लिहिली

क्रॉफर्ड मार्केटला तुम्ही अनेकदा गेला असाल. पण तिथे दर्शनी कमानींवर शेतकऱ्यांची, कामकऱ्यांची जी शिल्पं आहेत, ती मान वर करून बघायला गर्दीत कुणाला वेळ असतो?

ती शिल्पं जॉन लॉकवूड किपलिंग नावाच्या इंग्रज मास्तरची. हा माणूस १८६५ साली बायकोला घेऊन मुंबईत उतरला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला लागला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्याला मुलगा झाला. इंग्लंडमधल्या ज्या तलावाकाठी आई-बापाची ओळख झाली होती, त्या तलावाचंच नाव त्यांनी पोराला ठेवलं. रुडयार्ड.

हाच तो 'जंगल बुक'वाला रुडयार्ड किपलिंग. मोगली, बगीरा, शेरखान सगळ्यांना माहीत आहेत. पण जाणकारांना विचाराल तर ते सांगतील, त्याचं सगळ्यात मोठं पुस्तक 'जंगल बुक' नाही. ते आहे १९०१ साली आलेली 'किम' ही कादंबरी. लाहोरच्या रस्त्यावर वाढलेल्या एका गोऱ्या अनाथ पोराची गोष्ट. त्याचं रक्त आयरिश, पण जीभ, भूक, शिव्या आणि दोस्त सगळे हिंदुस्थानी.

भारतीय माणसाला ही कादंबरी वाचायला अवघड जाते. त्याचं कारण फक्त जुनी इंग्रजी भाषा नाही. चार पानं वाचून तुम्ही पुस्तकाच्या प्रेमात पडता आणि पाचव्या पानावर असं काही येतं की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. हे असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी किपलिंगचं लहानपण बघावं लागतं.

पोराला सांभाळायला एक आया होती. पोर्तुगीज ख्रिश्चन, अशी त्याने तिची ओळख दिली आहे, म्हणजे मूळची गोव्याकडची असावी. दुसरा होता मीता नावाचा हिंदू नोकर. आया त्याला सकाळी फळांच्या बाजारात न्यायची, वाटेतल्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करायची. मीता त्याला छोट्या देवळांत न्यायचा. लहान पोर, त्याला जातपात कोण विचारणार? देवळात मीताचा हात धरून उभं राहायचं आणि अंधारात दिसणाऱ्या देवांकडे बघत बसायचं. दुपारी झोपताना हीच माणसं त्याला गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची.

अर्थातच पोराच्या तोंडी पहिली भाषा बसली ती या माणसांची, हिंदुस्थानी. संध्याकाळी कपडे बदलून त्याला आई-बाबांकडे पाठवताना नोकर बजावायचे की आता इंग्रजीत बोल. मग हे पोर डोक्यातलं हिंदुस्थानी वाक्य अडखळत इंग्रजीत करून बोलायचं. म्हणजे स्वतःच्या आईशी बोलताना त्याला भाषांतर करावं लागायचं.

हे सुख सहा वर्षंही टिकलं नाही.

त्या काळी हिंदुस्थानातले गोरे साहेब आपली पोरं लहानपणीच इंग्लंडला पाठवून द्यायचे. एक कारण आजारपणाची भीती. दुसरं कारण, पोरं इथेच वाढली तर 'नेटिव्ह' होतील, त्यांची इंग्रजी बिघडेल, ही धास्ती. १८७१ साली किपलिंग कुटुंब इंग्लंडला गेलं. आई-बापांनी पाच वर्षांच्या रुडयार्डला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला साउथसी गावात एका घरात पैसे देऊन ठेवलं आणि ते मुंबईला परतले. पोरांना नीट निरोपसुद्धा दिला नाही. ठेवून जातोय हे सांगितलं तर रडारड होईल, असा हिशोब.

त्या घरातली बाई कर्मठ. नवरा होता तोवर जरा बरं होतं, तो गेल्यावर पोराचे हाल सुरू झाले. मार, उपदेश, नरकाची भीती. एकदा तर खोटारडा असं लिहिलेली पाटी अडकवून त्याला शाळेत पाठवलं. त्यात डोळे अधू होत चालले होते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेतले मार्क घसरले, त्यासाठी वेगळा मार. वर्षातून एकदा नाताळात मावशीच्या घरी जायला मिळायचं, तेवढाच काय तो उजेड.

१८७७ साली आई परत आली. रात्री पोराचा मुका घ्यायला ती वाकली तर त्याने झटकन हात आडवा धरला. कुणी जवळ आलं की ते मारायलाच येतं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं.

पुढे डेव्हनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या बोर्डिंग शाळेत चार वर्षं गेली. ऑक्सफर्डला पाठवायला घरी पैसे नव्हते. बाप तोवर मुंबईहून लाहोरला गेला होता, तिथल्या कला शाळेचा मुख्य आणि म्युझियमचा क्युरेटर म्हणून. त्याने लाहोरच्या 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' या पेपरात पोराला चिकटवून दिलं. ऑक्टोबर १८८२ मध्ये सोळा वर्षांचा किपलिंग बोटीने पुन्हा मुंबईत उतरला.

तेव्हा एक अजब गोष्ट घडली. मुंबईच्या रस्त्यावरून चालताना, ते वास आणि ती गर्दी अंगावर घेताना, त्याच्या तोंडून आपोआप हिंदुस्थानी वाक्यं बाहेर पडायला लागली. पण त्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता. अकरा वर्षांत भाषेचा अर्थ पुसला गेला होता, शब्द तेवढे जिभेवर राहिले होते.

'किम'चं बीज शोधायचं तर ते इथे आहे.

लाहोरमध्ये किपलिंग दिवसभर पेपरात राबायचा. उन्हाळ्यात झोप यायची नाही, मग रात्री जुन्या शहरात भटकायचा. दारूचे अड्डे, अफूचे अड्डे, गल्ल्या, मशिदींच्या पायऱ्या. पहाटे टांग्याने घरी. एकविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो फ्रीमेसन झाला, तिथे हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू मंडळी एकत्र बसायची. १८८७ मध्ये तो अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये गेला, पुढच्या वर्षी त्याचे कथासंग्रह धडाधड आले आणि १८८९ साली तो हिंदुस्थान सोडून लंडनला निघाला. तेव्हा त्याचं वय फक्त तेवीस.

पण हाच गल्ल्यांत रमणारा पत्रकार सकाळी क्लबात बसून काय लिहायचा? १८८८ च्या डिसेंबरमध्ये अलाहाबादला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. किपलिंगने त्याची यथेच्छ टिंगल केली. इंग्रजी शिकलेले, कायदे वाचलेले, हक्क मागणारे हिंदुस्थानी त्याला अजिबात सहन व्हायचे नाहीत. शेतकरी, शिपाई, साधू, घोडेवाला पठाण, विधवा म्हातारी यांच्यावर त्याचा जीव. कोट घालून इंग्रजीत वाद घालणारा दिसला की त्याचं डोकं फिरायचं.

नंतर तो हिंदुस्थानात एकदाच आला, १८९१ च्या शेवटी. लाहोरला आई-बापाला भेटला, पण जवळच्या मित्राच्या मृत्यूची बातमी आली आणि घाईने परत निघाला. जाताना मुंबईत म्हातारी झालेली आया त्याला भेटली. तिने डोळ्यात पाणी आणून आशीर्वाद दिले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं तो जगला, जगभर फिरला, पण इकडे फिरकला नाही.

पुढच्याच महिन्यात त्याने त्या मित्राच्या बहिणीशी, कॅरोलाइनशी, लग्न केलं आणि जोडपं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहायला गेलं. तिथल्या बर्फात बसून त्याने सिवनीच्या जंगलातला मोगली लिहिला. मोगली पण बघा, लांडग्यांत वाढलेलं माणसाचं पोर, ना धड जंगलातलं ना धड गावातलं. किपलिंगच्या डोक्यात हा एकच मुलगा घुमत होता, फक्त कपडे बदलून.

१८९९ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. कुटुंब न्यूयॉर्कला आलेलं असताना तो आणि त्याची सहा वर्षांची लेक जोसेफिन दोघांनाही न्यूमोनिया झाला. तो वाचला, ती गेली. तो स्वतः इतका आजारी होता की त्याला काही दिवस सांगितलंच नाही. जिच्यासाठी गोष्टी लिहिल्या तीच राहिली नाही. याच वर्षाच्या सुरुवातीला, आजारपणाच्या काही दिवस आधी, गोऱ्यांनी काळ्या-पिवळ्या लोकांना सुधारण्याचं ओझं उचलावं असं सांगणारी त्याची ती कुप्रसिद्ध कविता छापून आली होती.

आणि त्याच सुमारास, इंग्लंडला परतल्यावर, अनेक वर्षं रेंगाळलेली 'किम' त्याने पूर्ण करायला घेतली. बाप लॉकवूड निवृत्त होऊन इंग्लंडमध्येच राहत होता. किपलिंग त्याच्याकडे जायचा, दोघं लाहोरच्या आठवणी काढत बसायचे. चित्रांसाठी बापाने मातीत उठावशिल्पं केली आणि त्यांचे फोटो काढून पुस्तकात छापले. कादंबरीच्या सुरुवातीला लाहोर म्युझियमचा जो म्हातारा, प्रेमळ क्युरेटर येतो, तो बापच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. म्युझियमसमोर झमझमा नावाची मोठी तोफ आहे. तिच्यावर किम बसलाय आणि दुसऱ्या पोरांना चढू देत नाहीये. तेवढ्यात तिबेटहून एक म्हातारा लामा येतो. बुद्धाचा बाण जिथे पडला तिथे उगम पावलेली नदी तो शोधतोय. किम त्याचा चेला बनतो आणि दोघं आगगाडीने, मग ग्रँड ट्रंक रोडने निघतात. वाटेत किमला त्याच्या मेलेल्या बापाची आयरिश पलटण सापडते. गळ्यातल्या ताइतातले कागद बघून साहेबांना कळतं की हा तर गोरा. झालं, पोराची रवानगी शाळेत. लखनौच्या भारी शाळेची फी भरतो कोण, तर लामा. दुसरीकडे कर्नल क्रायटन नावाचा साहेब हेरतो की हे पोर इंग्रज सरकारचं उत्तम गुप्तहेर होऊ शकतं. रशिया आणि ब्रिटन यांच्यातली मध्य आशियातली चढाओढ, जिला ग्रेट गेम म्हणतात, ते नाव लोकांच्या तोंडी बसलं ते या कादंबरीमुळे.

वाचताना पहिली अडचण येते ती भाषेची. यातली बहुतेक माणसं हिंदुस्थानीत बोलतायत, पण पुस्तक इंग्रजीत आहे. किपलिंगने केलं काय, तर हिंदुस्थानी संवादांना जुन्या, भारदस्त, म्हणींनी भरलेल्या इंग्रजीत आणलं. आणि किम खरोखर इंग्रजी बोलतो तेव्हा ती मोडकीतोडकी, पत्र्यासारखी वाजणारी. म्हणजे गोऱ्या पोराची इंग्रजी खोटी आणि हिंदुस्थानी खरी. ही युक्ती एकदा लक्षात आली की पुस्तक एकदम सोपं होतं. शिवाय मराठी वाचकाला तर काही वाक्यांमागची मूळ हिंदुस्थानी म्हण ऐकू येते, जी लंडनच्या वाचकाला कधीच ऐकू येणार नाही. आईसमोर अडखळत भाषांतर करणारं ते मुंबईचं पोर आठवा, मग ही युक्ती कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

ग्रँड ट्रंक रोडचं प्रकरण तर कुणीही वाचावं. व्यापारी, वऱ्हाडं, साधू, तुरुंगातून सुटलेले, बैलगाडीतून डोकावणारी बोलभांड म्हातारी. एका इंग्रजाने हिंदुस्थानी माणसांच्या गर्दीकडे इतक्या मायेने बघितल्याची दुसरी जागा सापडणं कठीण. नीरद चौधरी यांना हिंदुस्थानबद्दल इंग्रजीत लिहिलेलं हे सगळ्यात सुंदर पुस्तक वाटायचं. पंडित नेहरूंनीही आत्मचरित्रात लहानपणच्या आवडत्या पुस्तकांत 'जंगल बुक'सोबत 'किम'चं नाव घेतलंय.

आता पाचव्या पानाकडे येऊ.

वाटेत एक म्हातारा हिंदुस्थानी सैनिक भेटतो. १८५७ मध्ये तो इंग्रजांच्या बाजूने लढलेला आहे. उठाव म्हणजे लोकांना लागलेलं वेड होतं, असं तो सांगतो. उलट बोलणारं एकही पात्र कादंबरीत नाही. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं, दुष्काळ पडले होते, टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जाऊन आले होते. यातलं काहीही किमच्या रस्त्यावर येत नाही. तिथे सगळे खुशीत आहेत आणि साहेब लोक सगळ्यांचं भलं बघतायत.

त्याहून जास्त बोचतो तो हरी बाबू. शिकलेला बंगाली, सरकारचाच हेर, ग्रंथांतली अवतरणं फेकणारा, लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो व्हायची स्वप्नं बघणारा. किपलिंग त्याला जाडा, बडबड्या, हास्यास्पद करतो. गंमत म्हणजे शेवटी तोच एकटा रशियन हेरांना डोंगरातून फिरवून फिरवून गंडवतो, म्हणजे धाडस त्याला भरपूर दिलंय. पण हसायचं त्यालाच.

विचार करा, दोन संस्कृतींमध्ये खरोखर अडकलेला तरुण त्या काळी कोण होता? कलकत्त्याचा, एल्फिन्स्टनचा, फर्ग्युसनचा हरी बाबूच की. घरी सोवळं आणि कॉलेजात मिल-स्पेन्सर. किमने पगडी घातली, चेहरा रंगवला, देशी शिव्या दिल्या तर तो जगाचा मित्र. हरी बाबूने इंग्रजी कोट घातला आणि स्पेन्सर म्हटला की तो विनोद. एकाला दोन्हीकडे जायची मोकळीक आणि दुसऱ्याला पलीकडचा उंबरा ओलांडला म्हणून टपली. या पुस्तकाचं खरं दुखणं हे आहे, आणि ते इतकं सुंदर लिहिलंय म्हणून जास्त दुखतं.

अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने १९४१ मध्ये वेगळ्या बाजूने हाच मुद्दा काढला होता. किमला कधीतरी कळेल, की ज्या माणसांवर आपला जीव आहे त्यांनाच गुलाम ठेवणाऱ्या सरकारसाठी आपण हेरगिरी करतोय, अशी वाचक वाट बघतो. ती वेळ येतच नाही. पुढे एडवर्ड सईदने याला उत्तर दिलं की किपलिंगच्या लेखी तिथे झगडाच नव्हता. इंग्रजांचं राज्य हेच हिंदुस्थानचं भलं, असं मानणाऱ्याला द्वंद्व कुठून दिसणार? हाच सईद 'किम'ला मोठी कलाकृतीही म्हणतो. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येतात.

तरीही किपलिंगला द्वंद्व अजिबात दिसलं नाही, असं मानणं जरा सोपं वाटतं. किम पुस्तकात पुन्हा पुन्हा थांबतो आणि आपण नक्की कोण, असं स्वतःला विचारतो. शेवटी त्याला तापासारखं आजारपण येतं, बरा झाल्यावर तो रडतो. लामाला नदी सापडते. आणि किम? तो लामाबरोबर राहिला की साहेबांच्या नोकरीत गेला? किपलिंग सांगत नाही. प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असलेला हा माणूस इथे पुस्तक मिटून गप्प बसतो.

स्वतःच्या आयुष्यात मात्र त्याने बाजू घेतली होती. १९०७ साली, बेचाळिसावं सरायच्या आत, त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेलं ते पहिलं नोबेल आणि साहित्यात इतक्या कमी वयात ते आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही. पुढे तो साम्राज्याचा भोंगा झाला. पहिल्या महायुद्धात मुलगा जॉन अधू डोळ्यांमुळे भरतीत नापास झाला, तर किपलिंगने ओळख वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घुसवलं. १९१५ मध्ये लूसच्या लढाईत अठरा वर्षांचा जॉन गेला. बाप जिवंत असेपर्यंत त्याचा मृतदेह ओळखता आला नाही. आणि जालियनवाला बागेनंतर लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ने जनरल डायरसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्या यादीत किपलिंगचे दहा पौंड होते. ज्या पंजाबच्या रात्रींनी त्याला लेखक बनवलं, त्याच पंजाबातली ही गोष्ट.

१९३५ च्या उन्हाळ्यात, सत्तरीला आलेला किपलिंग आत्मचरित्र लिहायला बसला. तो घाईत होता, पोटाचं दुखणं वर्षानुवर्षं सोबत होतं. १८ जानेवारी १९३६ ला तो लंडनमध्ये वारला, पुस्तक पुरतं हातावेगळं झालं नव्हतं, ते पुढच्या वर्षी छापून आलं. साउथसीचा छळ त्यात आहे, लाहोर आहे, नोबेल ओझरतं येऊन जातं. डायरच्या वर्गणीबद्दल त्यात काही नाही.

सुरुवात मात्र इंग्लंडपासून होत नाही. पहिल्या पानावर मुंबईतली पहाट आहे, खांद्याच्या उंचीवर रचलेली सोनेरी-जांभळी फळं आहेत, आणि आयाचा हात धरून फळबाजारातून चाललेलं एक पोर आहे.